मधली चकती

५ जानेवारी, रविवार. सकाळी ९.१०
या घरात माणसाला न्याय मिळत नाही. आज सिद्ध झाले. रेकॉर्डच्या मधली चकती हरवली आहे. ॲल्युमिनियमची, क्रीमच्या बिस्किटाएवढी. काही सिंगल्सना मधे मोठे भोक असते; चकती नसेल तर त्या प्लेअरवर प्यायल्यासारख्या डोलतात. बायकोला विचारले. बुद्धप्रिया म्हणाली, तीनशे चाळीस रेकॉर्डी घरभर पसरून ठेवता त्याचा हिशेब मी मागत नाही, अन् एका चकतीची चौकशी माझ्यामागे लावून राहिले.
मुद्दा तो नाही. मुद्दा संस्कृतीचा आहे.
संकल्प: यंदा फक्त दर्जा. वर्षभरात पाच रेकॉर्ड. सहावी नाही.

७ जानेवारी, मंगळवार
चकती सापडली. वॉशिंग मशीनच्या मागच्या डाव्या पायाखाली. मशीन नाचायचे थांबले म्हणून बुद्धप्रिया खूश. मेकॅनिक आणतो म्हणून दिवाळीपासून सांगता, तो आणा अन् चकती घेऊन जा, म्हणाली. घरातच फितुरी.
चकती मूळची लातूरच्या राजशेखरची, हे खरे. त्याने लेथवाल्याकडून बनवून घेतली. मी तीन वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी आणली. पण त्याने मागितली नाही. जिल्हा परिषदेत बावीस वर्षे काढल्यावर कब्जा म्हणजे काय ते मला कळते.

१० जानेवारी, शुक्रवार
उद्या लातूरला रेकॉर्डचा मेळा. मंगल कार्यालयात, दोन दिवस. राजशेखरचा फोन आला. आपला नियम ध्यानात हाय ना? म्हणाला. नियम असा: कुणालाही काही सापडले तर विकत घेण्याआधी दुसऱ्याला दाखवायचे. अकरा वर्षे पाळला. मी तर पाळलाच.
तो अकरा वर्षे एकच सिंगल शोधतो आहे. हैदराबादच्या ‘फाइव्ह लँटर्न्स’ या पोरांच्या बँडची. हॉटेलातल्या जुकबॉक्ससाठी काढलेली, म्हणून मोठ्या भोकाची. त्याची आई, नीलम्मा अव्वा, लग्नाआधी तिकडे होस्टेलात होत्या. बँडला मागे ‘ला ला ला’ करायला चार मुली हव्या होत्या, त्यात एक अव्वा. मिळाले काय, तर कॉफी आणि समोसा. स्वतःचा तो आवाज त्यांनी पुन्हा कधी ऐकलेला नाही. आता डावा कान गेला. उजवा चालतो, पण किती दिवस ते डॉक्टर सांगत नाही.
हृदयद्रावक. तरी निव्वळ संग्राहक म्हणून पाहिले तर ती सिंगल माझ्याकडे शोभेल.
उद्या फक्त बघायचे. घ्यायचे काही नाही.

११ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७.४०, राजशेखरच्या घरी
सापडली.
शांतपणे लिहितो. लोहा गावच्या मारोतीचा स्टॉल. याची पूर्वी मंडप-लाऊडस्पीकरची सर्व्हिस होती. लग्नात अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक रेकॉर्डवर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका. तिसऱ्या खोक्यात, पिवळ्या ठिपक्यासकट, ‘फाइव्ह लँटर्न्स’.
राजशेखर दोन स्टॉल पलीकडे.
तिथल्या तिथे घेतली असती. पण मारोतीची माइकची सवय सुटलेली नाही. जे विकेल ते पुकारतो. मघाशीच एक किरकोळ घेतली, तर माझ्या नावाने ओरडला, नांदेडचे साहेब, पॉप, एक नग! सगळा हॉल वळला.
नियम मोडायचा माझा विचार नव्हता. योग्य वेळी दाखवायचा होता. अव्वांच्या वाढदिवसाला, छोटासा कार्यक्रम, आधी माझे वीस मिनिटांचे भाषण. मालकी माझी, ऐकणे त्यांचे. अशी गोष्ट घाईत उरकायची नसते.
म्हणून जाणकार जे करतात ते केले. रेकॉर्ड चुकीच्या खोक्यात सरकवली, जिथे पॉपवाला कधी बोट घालणार नाही. शिवभक्तांची कन्नड-मराठी वचने, भक्तिगीते. धूळ बोटभर. उद्या राजशेखर त्याच्या दुकानात असेल, तेव्हा येऊन उचलीन.
मग चहाच्या गाड्यावर जाऊन निवांत दोन कप घेतले. आत मारोती माइकवर काहीतरी कोकलत होता. लक्ष दिले नाही.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१५
झोप चांगली लागली. फक्त अव्वांनी दिलेल्या पलंगाखाली कसलेसे खोके आहे, उठताना अंगठा ठेचला. पाहुण्याच्या खोलीत सामान कोंबायची ही पद्धत बरी नाही. अव्वा मला लाडाने तम्मा म्हणतात; रात्रीच म्हणाल्या होत्या, तम्मा, पाय जपून, खाली खोकं हाय. पण म्हणून काय झाले.
न्याहारीला धपाटे. चार खाल्ले. फिरायला जातो असे सांगून निघतो.

रात्री ९.००
खोके गेले. सगळेच्या सगळे, ठोक भावात, काल संध्याकाळी. मारोती म्हणाला, तीनदा पुकारलं की साहेब माइकवर, वचनं, पूर्ण खोकं, एक बार दो बार. तुम्ही चहा पिऊन राहिले होते. कुणी नेले? म्हणाला, लातूरचेच शेठ हायेत, घरपोच पाठवलं, गिऱ्हाईकाचं नाव सांगायची आपली पद्धत न्हाई. जगाला माइकवर सांगतो, मला सांगत नाही.
गल्लीगल्लीत शिवभक्त असलेल्या या शहरात वचनांच्या खोक्याला कुणी हात लावणार नाही, असे समजणारा लातूरच्या इतिहासात मी पहिलाच असेन. पण चूक माझी नाही. त्यावरची धूळ पाहून कुणीही फसला असता.
राजशेखरला काही बोललो नाही. चारच्या एसटीने परत. अहमदपूरपर्यंत उभ्याने.

१४ जानेवारी, मंगळवार
राजशेखरचा फोन. आवाज वेगळा. आधी म्हणाला, तिळगूळ घे, गोड बोल. मग म्हणाला, आनंदा, सापडली. अव्वासाठी वचनाचं खोकं घेतलं होतं मारोतीकडून, तुला दाखवावं म्हटलं तर तू चहाला गेलेला. मग पलंगाखालीच ठेवलं. आज अव्वानं उघडलं.
पलंगाखाली. मी वर झोपलो होतो. चार धपाटे खाल्ले होते.
त्याने मला न दाखवता खोके घेतले. अकरा वर्षांचा नियम. विश्वासघात हा शब्द मी सहज वापरत नाही.
पुढे म्हणाला, मोठ्या भोकाची हाय, चकती तुझ्याकडं हाय ना? घेऊन ये, अव्वाला ऐकवू. मी म्हणालो, दुसरी बनव. म्हणाला, लेथवाला वारला. पुठ्ठ्याची करून बघितली, गाणं वाकडं वाजतं. अव्वा कान लावून बसली होती, म्हणाली, हे आमचं न्हाई.
सांगितले, रजा नाही. मशीनही नाचेल.

१६ जानेवारी, गुरुवार
राजशेखरने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. अव्वा हातात रेकॉर्ड धरून. आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर दोनशे लोकांनी हात जोडले. मी जोडले नाहीत.
फोटो मोठा करून पाहिला. पाकिटाच्या तोंडातून एक चिठ्ठी डोकावते आहे. पेन्सिलीने: ‘राखीव. आनंदराज. ११/१’.
अक्षर माझे.
ऑफिसात एकही कागद मी नाव-तारखेशिवाय बाजूला ठेवत नाही. हात आपला आपण लिहितो. त्या क्षणीही लिहून गेला.
त्याने पाहिलीच असेल. फोनवर एक अक्षर बोलला नाही. असे गप्प बसणे मला आवडत नाही. ओरडला असता तर उत्तर तयार होते.

१८ जानेवारी, शनिवार
मेकॅनिक आणला. पाच मिनिटांचे काम निघाले. बुद्धप्रियाने चकती पुसून, रुमालात बांधून हातात दिली. तीन वर्षांनी का होईना, म्हणाली. तिला कसे माहीत, कोण जाणे.

१९ जानेवारी, रविवार. लातूर–नांदेड बसमध्ये
चकती बसवली. रेकॉर्ड डोलली नाही. अव्वांनी उजवा कान स्पीकरला टेकवला. चार मुली मागे ‘ला ला ला’ करत होत्या. त्यांतली एक किंचित उशिरा शिरते. अव्वा म्हणाल्या, ती मीच, समोशाकडं लक्ष होतं. मग पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा.
तिसऱ्या वेळी त्यांनी चिठ्ठी उचलून विचारले, हे राखीव म्हणजे काय रे? राजशेखर माझ्याकडे न बघता म्हणाला, अव्वा, दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून आनंदानं आपल्यासाठी ठेवली होती. खोक्यात, तुझ्या वचनांत.
अव्वांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, तम्मा, माझ्या पोराला भाऊ न्हाई, तू हायेस.
भाषणाचे वीस मिनिटांचे टिपण खिशात होते. तिथेच राहिले.
निघताना राजशेखरने चकती काढून माझ्यापुढे धरली. घेऊन जा, लागंल तुला. मी ती त्याच्या प्लेअरवर परत ठेवली. म्हणालो, तुझी आहे.
तो मान डोलावून म्हणाला, हाव.