डाव्या डोळ्याची सोय

कसबा पेठ, पुणे
मंगळवार, दुपार

चि. सौ. मुक्ताईस कुसुमताईचे अनेक आशीर्वाद.

चार वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इकडे सगळे हयात आहेत. तिकडे विश्रांतवाडीत तुझे गुडघे, तुझ्या घरची मंडळी आणि तुझा स्वभाव, तिन्ही बरे असतील अशी आशा करते (तिसऱ्याबद्दल फारशी नाही). अक्षर एवढं मोठं काढलंय ते रागाने नव्हे. फोनच केला असता, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस. तुझ्या ऋचाच्या लग्नातल्या साडीविषयी मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. (मीच तुला दिलेली हिरवी साडी तू मलाच आहेर म्हणून दिलीस आणि मी ती भर मांडवात परत केली, हे दोघींनाही माहीत आहे. तू म्हणालीस, "ताई, निळी आहे ती, डोळे तपासून घे." तर घेतले तपासून.)

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डावा तर पुरता पिकलाय. खरं सांगू का, त्याचं मला वाईट वाटेना. तांबट आळीतून जाते तर प्रत्येक हंड्याभोवती तेजाचं कडं असतं. गॅलरीत बसलं की खालची गल्ली धुक्यात वाहत असते, माणसं त्यातून तरंगत येतात आणि अगदी दाराशी आल्यावर त्यांचा दूधवाला होतो. आमचे हे खिडकीशी पेपर वाचायला बसले की लग्नाला जेमतेम पाच वर्षं झाल्यासारखे दिसतात. घर तर आयुष्यात पहिल्यांदाच स्वच्छ दिसतंय. मी म्हटलं, असू दे, देवाने म्हातारपणी एवढी तरी हौस पुरवली. पण मागच्या महिन्यात मी ह्यांना रक्तदाबाच्या गोळीऐवजी माझी साखरेची गोळी दिली. दुपारी हे घामाने चिंब होऊन जमिनीवरच बसले. त्या दिवशी मला फार रडू आलं, मुक्ताई. धुकं मला आवडतं, पण ह्यांच्या जिवावर नको.

डोळे तपासले त्या शिबिरातले डॉक्टर म्हणाले, तुमच्या साखरेमुळे प्रकरण साधं नाही, मोठ्या रुग्णालयात करा. मोठ्या रुग्णालयाने खर्च सांगितला, तेव्हा हे बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. (छापखान्यात चाळीस वर्षं काढली की बोटांना शाई मिळते, पेन्शन मिळत नाही.) मग कळलं की धर्मादाय रुग्णालयांत कमी उत्पन्नाच्या माणसांसाठी काही खाटा राखून ठेवलेल्या असतात, केशरी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जायचं. दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या. एकदा कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका उंच गृहस्थांना मी माझी सगळी परिस्थिती समजावून सांगितली. ते थंड पाण्याचं यंत्र निघालं. पण त्या कचेरीत इतकं शांतपणे ऐकून घेणारं दुसरं कोणी भेटलं नाही. तिसऱ्या खेपेला बाकावर डुलकी लागली आणि स्वप्नात आई आली. आपल्या दोघींना आरशासमोर बसवून वेण्या घालत होती, आधी माझी, मग तुझी. तेवढ्यात माझं नाव पुकारलं आणि मी मोठ्याने म्हटलं, "थांबा, मुक्ताईची राहिलीय." सगळी रांग वळून बघायला लागली.

आता खरी फजिती ऐक. मागायला जायचं तर नीटनेटकं जावं, ही आईची शिकवण तुलाही आहे. म्हणून रुग्णालयात जाताना मी नारायणपेठी नेसले, आईच्या मोत्यांच्या कुड्या घातल्या, ह्यांना कोट चढवायला लावला. दारातल्या मुलीने आम्हाला बघितलं मात्र, "या ना, या," करत थेट वर नेलं. गार खोली, मऊ खुर्च्या, कपबशीतून चहा. मला भरून आलं, गोरगरिबांना इतका मान! मी हलक्या आवाजात ह्यांना म्हटलंसुद्धा, उगाच लोक नावं ठेवतात. मग समोर एक पावतीपुस्तक आलं आणि कुणीतरी अदबीने विचारलं, "कुणाच्या स्मरणार्थ?"

तो देणगीचा विभाग होता. आता तूच सांग, चहा पिऊन झाल्यावर 'आम्ही मागायला आलोय' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी म्हटलं, "आईच्या." आणि पाचशे एक रुपये देऊन, नमस्कार घेऊन, खाली आलो. हे सारखे खोकत होते, मला वाटलं गार हवेने.

पुढच्या आठवड्यात साध्या सुती साडीत, कुड्या घरी ठेवून, पुन्हा गेले. या वेळी खिडकी बरोबर सापडली. तिथे तेजस्विनी नावाची मुलगी अर्ज बघते. मी पिशवीतून कागद काढले तर त्यातून ती पावती घसरून तिच्यापुढे पडली. तिने पावती वाचली, उत्पन्नाचा दाखला वाचला, पुन्हा पावती वाचली. "आजी, मदत मागायला आलात आणि मदत करून गेलात?" मी म्हटलं, "मागच्या वेळी मजला चुकला." ती इतकी हसली की तिचे डोळे पुसायला मीच पदर पुढे केला. अर्ज मंजूर झाला. शुक्रवारी सकाळी आठला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, पैसे पडणार नाहीत. तेव्हा काळजीचं काही कारण नाही, कुणी येण्याजाण्याची दगदग करू नये. घरच्यांना यथायोग्य सांग.

तुझी,
कुसुमताई

ता. क. अर्जावर सोबत थांबणाऱ्या नातेवाइकाचं नाव लागतं. ह्यांना स्पिरिटच्या वासानेसुद्धा भोवळ येते. मी तुझं नाव लिहून टाकलंय.

आणखी एक. डॉक्टर म्हणाले, हा पडदा बऱ्याच वर्षांपासून चढत असणार, पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं होतं, निळं हिरवं दिसतं. मी म्हटलं, असं कसं होईल? आणि घरी आल्यावर कपाटातल्या एकेका साडीचा रंग ह्यांना विचारला.

शेवटचं. पट्टी शनिवारी सकाळी निघेल. ती साडी तुझ्याकडे असेल तर त्या दिवशी नेसून ये. निळी निघाली तर भर वॉर्डात माफी मागेन. हिरवी निघाली तरी निळीच म्हणेन. पण ये.