बळीरामशेठच्या फोटोला हार

॥ श्री ॥

पनवेल, मोटार स्टँडसमोर
१२ सप्टेंबर १९५३

ती. सौ. सत्यवतीताईस महादेवाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

धंदा कसा चाललाय म्हणून विचारलंस. झकास चाललाय, फक्त रस्त्यावर चाललाय. तीन पायांच्या तिकाटण्यावर लाकडी पेटी, पेटीला काळं फडकं, मागे तळ्यात दोन हंस रंगवलेला पडदा. फडक्यात डोकं घालतो, फोटो घेतो, पेटीतच हात घालून कागद धुतो आणि बादलीत बुचकळतो. गिऱ्हाइकाची विडी संपते तोवर फोटो हातात. कोट माझाच घालायला देतो. यंदा तालुक्यातले जेवढे नवरे फोटोवर पास झाले ते सगळे त्याच कोटात. परवा एका मुलीचे वडील दोन स्थळांचे फोटो घेऊन आले आणि हे दोघे भाऊ-भाऊ आहेत का म्हणून मलाच विचारू लागले.

काल तुमच्या गव्हाणचे बळीरामशेठ घरत, मिठागरवाले, फोटोला बसले. श्वास धरा म्हटलं तर भिंगाला टोपण लावून झालं तरी धरूनच बसलेले. फोटो मात्र असा आलाय की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. एक प्रत नमुन्याच्या पाटीवर लावलीय.

आता मुद्द्याचं. त्यांची वेणू. पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर फोटोला आली. दुसऱ्यांदा, डोळे मिटलेले आले म्हणून भांडायला आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा डोळे चांगले उघडे होते, पण फोटो काढायचाच नव्हता. ताई, मला ती फार आवडते, आणि तिलाही माझं वावडं नाही. लग्न करीन तर तिच्याशीच. तू बळीरामशेठकडे शब्द टाक.

भाऊजींना नमस्कार. माया कमी केलीस तर तुझा डोळे मिटलेला फोटो पाटीवर लावीन.

तुझा,
महादेव

॥ श्री ॥

गव्हाण
२० सप्टेंबर १९५३

चि. महादेवास ताईचे अनेक आशीर्वाद. विशेष.

शब्द टाकला. बळीरामभाऊंनी मलाच विचारलं की भर रस्त्यात डोक्यावर फडकं घेऊन वाकून उभा राहणाऱ्या माणसाला मुलगी द्यायची का. मग विचारलं की पाऊस आला की तुझा भाऊ काय करतो. मी म्हटलं भिजतो. खोटं कशाला बोलू.

पण एक आहे. फोटोवर ते बेहद्द खूश आहेत. येईल त्याला दाखवतात, आणि नीट बघितला नाही तर पुन्हा दाखवतात. गुणाबाई, त्यांची बायको, म्हणते की आमच्याकडे हल्ली पाहुण्यांना चहाच्या आधी मिशा मिळतात. त्या खुशीतच ते शेवटी विरघळले आणि दसरा होऊ दे, दिवाळीच्या आधी काय ते सांगतो म्हणाले. म्हणजे निम्मं काम झालं. तेवढे दिवस मुकाट्यानं धंदा कर आणि कसलाही उद्योग करून ठेवू नकोस.

मुलं मामाची आठवण काढतात. त्यांच्यासाठी तरी जिभेला आवर घाल आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी ताई,
सत्यवती

॥ श्री ॥

गव्हाण
२१ ऑक्टोबर १९५३

चि. महादेवास आशीर्वाद, आज जेमतेम.

मेल्या, तू बळीरामभाऊंना मारलंस. काल भामा मासे विकून पनवेलहून आली ती वेशीपासूनच गळा काढत आली. बळीरामशेठ गेले, मोटार स्टँडवर त्यांच्या फोटोला हार घातलाय, मी या डोळ्यांनी पाहिला म्हणाली. आपल्याकडे फोटोला हार घातला म्हणजे माणूस गेला, यात कोण कशाला शंका घेईल? आणि ते नेमके दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागोठण्याला बैल बघायला गेलेले. मेलो नाही म्हणायला माणूसच जागेवर नाही.

अख्खं गाव जमलं. त्यांचा धाकटा भाऊ दादू, ज्याचं आणि त्यांचं मिठागराच्या बांधावरून कित्येक वर्षं बोलणं नाही, तो जेवता जेवता उठून उष्ट्या हातानं धावत आला आणि उंबऱ्यावर डोकं आपटू लागला. तिघांनी धरला तरी आवरेना. आणि अशा घरात तुझी वेणू काय म्हणाली ऐक. महादेव दसऱ्याला बादलीलासुद्धा हार घालतो, बाबांना काही झालेलं नाही, असं म्हणाली आणि हसली. गुणाबाईनं रडं थांबवून विचारलं की त्याच्या बादलीचं तुला काय ठाऊक ग. तिथून पुढे त्या घरात दोन प्रकारचं रडं सुरू झालं.

दिवे लागायच्या सुमारास बळीरामभाऊ बैलजोडी घेऊन दारात हजर. दादू आधी भूत म्हणून मागे सरला, मग त्यांच्या गळ्यात पडला. थोड्या वेळानं दोघांना आठवलं की आपलं बोलणं बंद आहे. मग दादू गुपचूप आपल्या घरी निघून गेला.

आता बळीरामभाऊ म्हणतात की महादेव दिसला तर तंगडं मोडीन. वेणूला पनवेल बंद. तिच्यासाठी उरणकडे दुसरं स्थळ बघायला माणूसही धाडलाय. तुला मी सांगितलं होतं उद्योग करू नकोस म्हणून. काय म्हणू तुला?

राग ओसरला की माया करीन.

सत्यवती

॥ श्री ॥

पनवेल
२३ ऑक्टोबर १९५३

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार, आणि उठायची परवानगी मिळेपर्यंत तसाच पडून आहे.

अगं, दसऱ्याला सुतार करवतीला हार घालतो, शिंपी मशीनला घालतो. मी पेटीला घातला, तिकाटण्याला घातला, बादलीला घातला, कोटालाही घातला. उरला तो नमुन्याच्या पाटीला. पाटीला खिळा एकच, वर मधोमध. आणि सगळ्यात देखणा फोटो मी मधोमध लावतो. बळीरामशेठ देखणे नसते तर हे घडलंच नसतं. दोन दिवस माणसं पाटीसमोर डोक्यावरची टोपी काढून उभी राहत होती आणि मला वाटत होतं की माझ्या कलेला मान देतात.

थट्टा पुरे. ताई, मला अन्न गोड लागत नाही. वेणू दुसरीकडे गेली तर हा धंदा माझ्यानं व्हायचा नाही. दर गिऱ्हाइकाला हसा, हसा म्हणून सांगावं लागतं, ते कोणत्या तोंडानं सांगू? मी माफी मागायला येतो. तंगडं मोडलं तर मोडलं, पेटीला तीन आहेतच.

ती सगळ्यांच्या देखत हसली, हे वाचल्यापासून तुझं पत्र मात्र खिशातच ठेवलंय.

माझी बाजू घे. नसेल घेता येत तर निदान माझ्या बाजूला उभी राहा.

महादेव

गव्हाण
१० नोव्हेंबर १९५३

महादेव फोटोवाला यास बळीराम घरत याचा, जिता असल्याचा, रामराम.

मास्तरांना सांगितलाय, मी बोलतो तसाच लिवा, सुधारू नका.

तू तुजे बहिणीकडून माफीचे निरोप धाडतोस ते पोचले. माझ्या बायकोनं बांगड्या फोडायला दगड उचलला होता. तुला त्याचा हसू येत असल तर मला येत नाय.

आता ऐक. माझा भाऊ दादू माझ्यासाठी रडला. सगळ्या गावानं पायला. भामानं पायला, पोराटोरांनी पायला. एक मीच तेवढा नाय पायला, मी बैलांबरोबर वाटंत होतो. ज्याच्यासाठी रडला त्यालाच दिसला नाय, हा कुठला न्याय? दिवाळीला बोलावला तर आला नाय. पन आमच्या दोघांचा फोटो काढायचा म्हटल्यावर येतो म्हनाला. तवा तुजी पेटी घेऊन रविवारी ये.

वेनूची गोष्ट काढायची नाय. काढलीस तर पेटी फोडीन.

बाकी आमी बरे हाव. तुमी पन बरे ऱ्हावा, निदान रविवारपर्यंत.

बळीराम घरत
(अंगठा. मास्तरांची सही.)

॥ श्री ॥

पनवेल
१६ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. ताईस महादेवाचा नमस्कार.

तू नेमकी नणंदेच्या बाळंतपणाला उरणला जाऊन बसलीस आणि गव्हाणचं सगळं हुकवलंस, म्हणून बैजवार लिहितो.

काल पेटी डोक्यावर घेऊन गव्हाणला गेलो. ज्या बांधावरून त्या दोघांचं बोलणं बंद झालं त्याच बांधावर बाक मांडलं, कारण उजेड तिथेच चांगला होता. बळीरामशेठ एका टोकाला, दादूकाका दुसऱ्या टोकाला. मधे अजून एक माणूस आरामात बसला असता. मी हलू नका म्हणालो. ते काय हलणार, इतकी वर्षं कोणी हललंच नव्हतं.

टोपण काढलं आणि मनात मोजायला लागलो. तेवढ्यात बळीरामशेठ समोर बघतच भावाला म्हणाले की तू माझ्यासाठी डोकं आपटलंस म्हणे. दादूकाकांनीही समोर बघतच सांगितलं की आपटलं, अजून ठणकतंय. मग कोण आधी हसलं आणि कोण आधी रडलं ते मला सांगता येणार नाही, मी फडक्यात होतो. बाक मात्र गदागदा हलायला लागलं. मी आतून हलू नका म्हणून ओरडतोय आणि माझ्याही डोळ्यांना धार लागलेली.

फोटो बादलीतून काढला तर दोन टोप्या, चार गुडघे, आणि तोंडांच्या जागी नुसता धूर. आठ वर्षं पेटी चालवतोय ताई, असा भिकार फोटो माझ्या हातून कधी निघाला नव्हता. पुन्हा काढतो म्हणालो. बळीरामशेठनी ओला कागद हातात घेतला आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. म्हणाले, राहू दे. त्या पहिल्या फोटोत मी दगडासारखा बसलो होतो, लोकांनी मेला समजला यात नवल नाही. यात आम्ही दोघे हलतोय. याला कोणी हार घालणार नाही.

मी तोंडातून वेणूचं नावही काढलं नाही, पेटी फोडतील म्हणून. घरी परतल्यावर त्यांनीच दाराकडे बघून तिला हाक मारली. सगळ्यांच्या देखत फोटो तिच्यापुढे धरला आणि विचारलं की हा बघ, याला धड फोटो काढता येत नाही, कोट एकच आहे, आणि बसतो रस्त्यावर, तरी पाहिजे का. वेणूनं फोटो बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाली, पाहिजे.

तुळशीचं लग्न झालं की आमचं. बाळंतिणीला सांभाळून लवकर निघ, तू आल्याशिवाय मी बोहल्यावर चढत नाही. इतके दिवस सांभाळून घेतलंस, आता दोघांना घे.

तुझा,
महादेव