पठारावरची चूल

४ फेब्रु.
रेवतीचा फोन. पुरातत्त्व खात्यातली मुलगी. हुशार, पण बोलते भराभर. पठारावरच्या जुन्या वस्तीची दगडी घरवर्तुळं, झोपड्यांभोवतीची दगडांची गोल कडी, संरक्षित व्हावीत म्हणून प्रस्ताव जातोय. प्लॉटिंगवाल्यांचं कुंपण अर्ध्या चढापर्यंत आलंय. कॉलेजच्या शिबिरात मी काढलेला नकाशा हवाय तिला. ट्रंकेत सापडला. रेघ ठसठशीत. तेव्हा चष्माही नव्हता.

५ फेब्रु.
रेवती बिबवेवाडीला घरी आली. फोटो दाखवले. "मॅडम, वर्तुळाबाहेर चूल मिळालीय! तीन दगड, काजळीसकट. प्रस्तावात पहिला फोटो हाच!"
चहा बशीत सांडला.
ती चूल आमची, शिबिरातली. मैत्रीण सुमनची नि माझी. स्टोव्ह बिघडलेला, सर पुण्याला गेलेले. वर्तुळातलेच तीन दगड उचलले. पिठलं करपलं, तरी पातेलं चाटूनपुसून. वारा काय होता त्या दिवशी! दगड परत लावायचे होते. राहिले.
नकाशा त्याआधीचा, त्यात ते दगड वर्तुळातच आहेत. दिला नाही. उद्या देते म्हटलं.

६ फेब्रु.
सुमनला विश्रांतवाडीला फोन.
"गप्प बस गं. आपण म्हाताऱ्या झालो, चूलही प्राचीनच झाली की!"
हसलो दोघी. मग तीच म्हणाली, "चूल काढलीस तर प्रस्तावात उरतं काय? नुसते दगड."
खरंय. पण जन्मभर पोरांना शिकवलं, जागेवरचा दगड हलवायचा नाही.

७ फेब्रु.
रेवतीला सांगितलं. नकाशा दिला.
"मॅडम, हे कुणाला कळलंही नसतं."
"मला माहीत होतं."
"आणि उद्या तिथे प्लॉट पडले तर?"
नकाशावर बोट ठेवून तिन्ही दगडांच्या मूळ जागा दाखवल्या.

१४ फेब्रु.
समितीबरोबर पठारावर. सुमनही आली, काठी टेकत. कोणता दगड कुठला ते दाखवलं. गवताखाली तिन्ही खळगे अजून तसेच. अध्यक्ष नकाशा बघत राहिले.
"बाई, पिठलं तरी जमलं होतं का?"
"नाही."
"कळवतो."
एवढंच. खाली कुंपणाचे खांब ठोकत होते. आवाज वरपर्यंत.
सगळे उतरायला लागले. सुमन चुलीपाशी बसली, शिबिरात धरायची तसे तळवे पुढे धरून. ओरडणार होते, गाडी थांबलीय म्हणून.
शेजारी बसले.