सालींच्या डब्यातल्या गोळ्या

बाबा,

डाळिंबाच्या वाळवलेल्या सालींच्या डब्यात तुमच्या प्रेशरच्या गोळ्या सापडल्या. एकवीस. दिवसभर औषधाच्या दुकानात उभी राहून मी लोकांना गोळी चुकवू नका म्हणून सांगते, आणि घरात तुम्ही माझ्याच डोळ्यांत धूळ फेकता.

तुमचं ते पेपरातलं डाळिंबावरचं कात्रण मीही वाचलं. लाल दाण्यांतली द्रव्यं रक्तवाहिन्यांना जपतात, जपत असतीलही. पण गोळी सोडा असं कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवा मला. परवा जिन्यात भोवळ आली तेव्हा तुम्हाला मी धरलं, डाळिंबाने नाही.

दाणे सोलून वाटीत ठेवलेत. शेजारी गोळी आहे, ती आधी घ्या. संध्याकाळी आल्यावर मी आधी तो डबा उघडणार आहे, चपला नंतर काढीन.