मटकीला घातलेला स्वेटर

प्रिय आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

तू दिलेली मटकी भिजवून फडक्यात बांधली, पण दोन दिवस झाले तरी मोड येईनात. शेवटी पुरचुंडी तू विणलेल्या स्वेटरात गुंडाळली. सकाळी बघतो तर काय, हे लांब मोड! उसळ केली. माझ्यासोबत खोलीत राहणारा सुतार वाटी पुसून म्हणाला, "तुझ्या आईचे उपकार झाले बाबा." अगदी माझ्या मनातलं बोलला.

बाबांचा गुडघा कसा आहे?

आता तू विचारशील, खोली छान उबदार आहे असं मागच्या पत्रात लिहिलंस, मग मोड का अडले? तुझ्यापुढे कुणाची थाप टिकलीय! पण स्वेटर खरंच उबदार आहे, आई. मटकीनेच सिद्ध केलं. आज मी घातलाय.

तुझा,
धाकटा