भिंतीतला निळा डबा

उधना, सुरत
१० ऑक्टोबर २०२५

प्रिय ललित,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लहानपणच्या खेळण्यातल्या आगगाडीचा निळा डबा भिंतीत अडकला आहे आणि तो कोणीही ओढायचा नाही, असं अभिजीत पाटलांनी आज दुपारी सांगितलं. हे इंजिनिअर आहेत, कामरेजला बांधकामं करतात. खालच्या उषाबाईंच्या चेतनने त्यांना आणलं. त्यांनी मोबाइलच्या उजेडात डब्याचं छप्पर पाहिलं, त्यावरची वीट पाहिली आणि म्हणाले, "काका, हा डबा सध्या तुमच्याकडे कामाला आहे. त्याला सुट्टी देऊ नका." बाबा हसले. पाटील हसले नाहीत.

बाकी ठीक. पाऊस गेला. माझे पहिल्या सत्राचे पेपर तपासून झाले. बाबांची शुगर ताब्यात आहे. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला, घारीची मिठाई आणली होती, त्यांनी अर्धी खाल्ली आणि अर्धी तू असतास तर म्हणून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती मीच खाल्ली.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझी मीटिंग असते. पानांचे फोटो काढून आज रात्रीच तुझ्या मोबाइलवर पाठवेन.

आई गेल्यापासून तुम्ही दोघं बोलत नाही. तिला उपचाराला बंगळूरला न्यायचं तू म्हणालास, बाबा म्हणाले हे घर सोडून कोणी कुठे जाणार नाही. त्यावर मी काही म्हणत नाही. पण दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला तुझा खोका येतो. आत गाडीचा एक नवा डबा असतो, चिठ्ठी नसते. बाबा चाकं बोटाने फिरवून बघतात आणि डबा हॉलमधल्या रुळावर ठेवतात.

हे डबे लांब आहेत, हे तुला माहीत आहेच. जुन्या वळणावर ते चालेनात. पोट आतल्या बाजूला घासायचं, शेपूट बाहेर जाऊन सिग्नल पाडायचं. बाबांनी डब्याच्या मधोमध आणि टोकाला पेन्सिली बांधल्या आणि डबा वळणावरून ढकलत नेला. कागदावर रेघा उमटल्या, त्यावरून किती जागा लागते ते कळलं. तेवढं मोठं वळण हॉलमध्ये मावत नव्हतं. म्हणून रूळ भिंतीतून आईच्या खोलीत गेले.

आधी हात जाईल एवढं भोक होतं. मग तुझा तो एका ओळीचा मेसेज आला, दिवाळीत येईन, सगळे डबे एकदम पळताना बघायचे आहेत. त्या दिवसापासून बाबांना गाडी एक डबाही न सोडता फिरवायची होती. लांब डबे भिंतीतून तिरके जातात, त्यामुळे भोक लांबत गेलं. आता ती आपल्या ओट्याएवढी लांब फट आहे. तुझे डबे पुढच्या रुळावरून जातात, फटीतच मागच्या दुसऱ्या रुळावर तो निळा उभा असतो.

या घराला खांब नाहीत, गच्चीचा स्लॅब त्याच भिंतीवर टेकला आहे आणि पाण्याची टाकीही बरोबर तिथेच वर आहे, हे पाटलांनी सांगेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

महिनाभर तुझ्या डब्यांच्या छपरांवर ओरखडे येत होते. आधी एकावर, मग सगळ्यांवर. बाबा म्हणायचे, रूळ वर आला आहे. स्टूलवर उभं राहून ते फटीच्या वरची वीट कानशीने घासायचे. घासलं की गाडी सुटायची, काही दिवसांनी पुन्हा अडायची. खाली पडलेली लाल पूड मी झाडून काढायचे.

परवा उषाबाई वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "पोरी, तुना बापले सांग, गाडी थांबाड. मना दारनी कडी लागस नही आते."

बाबा आतून म्हणाले, "उषाबाई, पावसाने लाकूड फुगलंय. उन्हं पडली की बसेल."

"लाकूड फुगनं, मंग भितडाले काय व्हयनं?" त्या म्हणाल्या. "गाडी तुम्हनी वर, आन मरन आम्हनं खाले?"

मी त्यांच्याबरोबर खाली गेले. त्यांच्या दाराच्या चौकटीपासून छतापर्यंत भेग गेली आहे. चेतनने तिच्यात पोस्टकार्ड घालून दाखवलं, ते अर्धं आत गेलं.

आज पाटील गेल्यावर मी बाबांना चहा दिला आणि विचारलं, "निळा डबा तिथे कधी ठेवला?"

"गणपतीत."

"कशाला?"

"डब्याचं छप्पर वरच्या विटेला टेकतं का ते कळावं म्हणून." त्यांनी बशीत चहा ओतला. "तेव्हा मधे माझं बोट जात होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"दिवाळी झाली की बुजवणार होतो, केतकी. गाडी एकदा त्याला दाखवली की झालं."

ललित, हेच मला तुला सांगायचं होतं आणि त्याआधी मी घारीबद्दल लिहीत बसले.

उद्या सकाळी माणसं लोखंडी टेकू घेऊन येतील. खाली आणि वर दोन्हीकडे लावायचे आहेत. टेकू घट्ट करताना भिंत आवाज करेल, कदाचित फट उघडेल, कदाचित मिटेल. त्या वेळी घरात कोणी नको, असं पाटलांनी सांगितलं. दिवस पुढे ढकलता येत नाही, असंही. उषाबाई धाकट्या मुलांना घेऊन पांडेसऱ्याला बहिणीकडे गेल्या आहेत.

बाबा म्हणतात, फट उघडली की डबा मोकळा होईल आणि खाली पडेल, तेव्हा खाली हात धरायला मी तिथे पाहिजे. चेतन म्हणाला, "काका, मी उचलून नेतो तुम्हाला." बाबा म्हणाले, "मग मी आतून कडी लावतो." त्या भिंतीजवळ झटापट करायची नाही, हे पाटलांनी दोघांनाही बजावलं आहे. गाडी सध्या बंद आहे. बाबा आईच्या खोलीत बसून, लहानपणी तू जेवताना लावायला सांगायचास ती कॅसेट बघत आहेत. टीव्हीवर चालेल अशी त्यांनी ती करून घेतली आहे.

तुला आठवते का ती? उधन्याच्या फलाटाचं टोक. लांब पल्ल्याची गाडी येते आहे. मी मागे तुला पाण्याची बाटली घे म्हणते आहे, तू डबे मोजायला अधीर. चित्राच्या कोपऱ्यात तुझा बूट पिवळ्या पट्टीच्या पुढे येतो. कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज येतो, "ललित, मागे सर." ओरडत नाहीत. कॅमेरा जराही हलत नाही. बूट मागे जातो आणि गाडी चित्र भरून टाकते.

मी ती शेकडो वेळा पाहिली असेल. त्यांनी कॅमेरा खाली ठेवून तुला धरलं का नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटलं, पण आज ते विचारण्याचा उपयोग नाही. तू मागे सरलास, कारण सांगणारे ते होते.

बाबांचा फोन त्यांच्या खिशात असतो. माझ्या फोनवर करू नकोस, उद्या सकाळी त्यांच्या फोनवर कर. दिवाळीला येतोस की नाही ते सांगू नकोस, डब्यांचं विचारू नकोस, आईचा विषय काढू नकोस. त्यांनी तुला फलाटावर जे सांगितलं तेच त्यांना सांग, तेवढ्याच आवाजात.

माणसं दहाला येतील. मी पायरीवर उभी असेन आणि बाबा आत, स्टूलवर, एक हात निळ्या डब्याखाली धरून. त्यांच्या खिशातला फोन वाजला तर तो मला पायरीवर ऐकू येईल.

तो ऐकायला थांबलेली,
तुझी ताई