कॅनमधली पेज

३ डिसेंबर २००७
सराव दोन तास. गुडघा सोलला, चालायचंच. परवा वाशिंदच्या मुलींशी कबड्डीची मॅच. मागच्या वेळी माझ्या बाटलीतली पेज बघून ओरडल्या होत्या, "कांजी पिऊन आली गो!" अजून डोक्यातून जात नाही. आज हायवेवरच्या ढाब्यामागे एनर्जी ड्रिंकचा रिकामा कॅन मिळाला. लाल, चकचकीत. गरम पाण्याने तीनदा धुतला. कुणाला सांगणार नाही.

५ डिसें.
जिंकलो!! माझ्या सहा पकडी. कॅनमध्ये आईची पेज, मीठ घालून. भोकावर रुमाल. मध्यंतरात ऐटीत प्यायले. वाशिंदवाल्या बघतच राहिल्या. आमच्या मुलीसुद्धा. सुषमा, चढाईत आमची एक नंबर आणि माझी बालवाडीपासूनची मैत्रीण, म्हणाली, "म्हणून एवढा दम हाय काय तुझ्यात!" मी नुसती हसले. मजा आली, खोटं कशाला लिहू.

६ डिसें.
दिवसभर विहारात. सराव नाही. परसात पन्नास बैठका.

९ डिसें.
सु.ने वाशिंदच्या मामाकडून खरेखुरे कॅन मागवलेत. घरून जेवूनही येत नाही. "पोट हलकं, अंगात करंट," म्हणते. तेव्हाच सांगायचं होतं. फायनल १६ला, मुरबाडला.

११ डिसें.
सु. मैदानात मटकन बसली. उपाशीपोटी दोन कॅन. हात थरथरत होते. माझा हात छातीवर ठेवून म्हणाली, "बघ ना गो, थांबतच नाय." सरांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे बंद, नीट जेवायचं, तीन दिवस आराम. "हे खूळ कुणाचं?" सरांनी विचारलं. तिने माझं नाव घेतलं नाही. मीही गप्प. शरम वाटते स्वतःची.

१२ डिसें.
सांगितलं. सगळ्या रांगेत असताना कॅन उपडा केला, पेज मातीत. आधी कुणाला कळेचना, मग खो खो हसल्या. सर हसले नाहीत. हसू देत. तिथून तशीच सु.च्या घरी.
ती म्हणाली, "वाशिंदवाल्यांना लाजलीस, ठीक. मला कशाला लाजलीस? आमी पण पेजच पितो ना?"
आणि आत गेली. वाटभर रडले.

१४ डिसें.
पेज मोठ्या किटलीतून नेली. रेषेबाहेर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. कुणी हात लावला नाही. भरलेली किटली परत आणताना हात दुखला. उद्या पुन्हा नेणार.

१५ डिसें.
सु. आली. नुसती बसून होती. खेळवायचं की नाही, सर उद्या सकाळी ठरवणार. सराव संपल्यावर तिने किटलीतून भांडंभर पेज ओतून घेतली, प्यायली. भांडं ठेवताना दुसरीकडेच बघत म्हणाली, "मीठ कमी हाय."
उद्या पहिली एसटी. किटली घासून ठेवलीय. मीठ मी स्वतः घालणार.